इर्जिकीचं मटण

आमच्या गावात देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोलणारी माणसं ढिगानं आहेत. घोटावड्याच्या रस्त्याला चहाची टपरी आहे, तिथं सकाळीच जमतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मनगटात सोन्याचं कडं, आणि "ह्या भायेरच्यांनी देशाचं वाटुळं केलं" म्हणून एकदा सुरू झाले की जेवणवेळेपर्यंत हलत नाहीत. जमिनी विकून झाल्या, पैसा बंगल्यात आणि गाड्यांत गेला, उरलेल्या जागेत पत्र्याच्या खोल्या काढल्या. त्या खोल्यांत राहतं कोण? तेच, देशाचं वाटोळं करणारे. त्यांच्याच जिवावर जगायचं आणि त्यांनाच शिव्या घालायच्या, याला निगरगट्टपणा लागतो, आणि तो आमच्यात भरपूर आहे. मीही त्यातलाच. माझ्याही सहा खोल्या आहेत.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी गावची बैठक झाली. विषय माझ्या चुलतभावानं काढला: परप्रांतीयांना खोल्या द्यायच्या नाहीत, आपल्या पोरांना कंपनीत काम मिळत नाही. त्याच्या स्वतःच्या लेकाला कंपनीनं घेतलं होतं की! साहेबानं मशीनखालचा कचरा काढायला सांगितला, म्हणून चिरंजीव तिसऱ्या दिवशी घरी. बरं, चुलतभावाच्या इमारतीत राहतात आयटीवाले, विदर्भ-मराठवाड्याकडचे. म्हणजे ठरावाची झळ त्याला काडीची नाही. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. भाऊबंदांत वाईटपणा कशाला घ्या, असा शेळपट विचार केला आणि मोकळा झालो.

माझ्या खोल्यांत झारखंडची कुटुंबं होती. पुरुष कंपनीत जायचे, आणि त्यांच्या बायका दर वर्षी आईच्या खाचरात भात लावायच्या. हे खाचर आमचं शेवटचं. बाकी सगळं मी विकलं. याच्या कागदावर आईनं अंगठा उठवला नाही. "म्या हाय तवर ह्ये पडीक ऱ्हाणार न्हाई," एवढंच म्हणाली होती. ठरावानंतर खोली सोडताना त्यांच्यातली थोरली बाई माझ्याशी बोललीच नाही. आईला म्हणाली, "माँजी, अब रोपाई कौन करेगा?" आईनं माझ्याकडं पाहिलं.

मग मजा बघा. गिरणी दुपारनंतर बंद राहायला लागली. किराणावाला माश्या मारत बसला. अंडाभुर्जीची गाडी उठून दुसऱ्या गावाला गेली. चुलतभावाच्या नव्या बाथरूमची फरशी अर्धी राहिली, कारण फरशी बसवणारेही त्यातलेच. टपरीवर तो म्हणाला, "व्हईल सवय!" आणि अंघोळीला सासुरवाडीच्या फ्लॅटवर, महाळुंग्याला जायला लागला. तो फ्लॅट कुणी बांधला हे मी विचारलं नाही.

आखाडात आईची रोपं लावणीला आली. आसपासच्या वाड्यांतली कामाची माणसं आधीच दुसरीकडं बांधली गेलेली. रोपं जून होत चालली, आणि जून रोपाला फुटवा येत नाही. आई रोज बांधावर जाऊन उभी राहायची. तेव्हा चुलतभावानं घोषणा केली, "आपुन इर्जिक घालू! आपल्या बापजाद्यांनी काय भय्यांच्या हातनं भात लावलं व्हय?"

इर्जिक म्हणजे गावानं मिळून एकाचं शेत लावायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. चांगली रीत होती. आमच्या हातात पडून तिचं हसं झालं. अकरा वाजता मोठाल्या गाड्यांतून तीस जण उतरले. अर्धा तास फोटो. मग विजारी गुडघ्यापर्यंत वर करून आत. एकेकानं मूठमूठ रोपं एकाच जागी खुपसली, काहींनी नुसती चिखलावर ठेवली. दोन ओळींत एकाची कंबर धरली. एकाचा मोबाईल चिखलात पडला, तो शोधायला सात जण, आणि त्या सात जणांनी लावलेलं होतं नव्हतं तेवढं तुडवलं. "मटान शिजलं का, वहिनी?" ही माझ्या बायकोला आरोळी मात्र दर पाच मिनिटांनी. जेवायला बसले ते असे, की जणू शंभर खाचरं लावून आलेत. रस्सा चारचारदा घेतला. ढेकर देऊन गाड्यांत बसले आणि गेले. खाचरात परत एकही उतरला नाही. थू असल्या इर्जिकीवर!

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. आई म्हणाली, "गाडी काढ. तुज्या भाडेकरणीकडं जायचंय."

तीन गावं पलीकडं त्यांनी खोल्या घेतल्या होत्या. आईनं मलाच पुढं केलं. मी खाली बघत कसंबसं लावणीचं विचारलं. मला वाटलं, आता थोरली बाई चार शब्द सुनावेल, आणि सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त आईला विचारलं, "पौधा कितने दिन का हो गया, माँजी?"

पुढच्या दिवशी उजाडता त्या पाच जणी आल्या. आधी त्यांनी आमच्या इर्जिकीचं सगळं उपटून काढलं. मग ओळीनं वाकल्या आणि मागं सरत सरत लावत निघाल्या. आई त्यांच्या शेजारी, त्यांच्याच चालीनं. दुपारपर्यंत खाचराचे चारातले तीन भाग हिरवे झाले. मी थोरल्या बाईला म्हणालो, खोली मोकळी आहे, परत या, गावाशी मी बोलतो. "नहीं भैया, उधर ठीक है," म्हणाली, मान वर न करता.

मग मला राहवेना. चपला काढल्या, विजार गुडघ्यावर गुंडाळली, रोपांची एक जुडी उचलली आणि आत उतरलो. चार-पाच रोपं लावली असतील. आई सरकत माझ्यापर्यंत आली, मी लावलेलं एकेक उपटलं आणि हातातली जुडीही काढून घेतली.

"तू भायेर हो," ती म्हणाली. "तुजं समदं परत लावाय लागतंय."

मी बाहेर झालो.