मूळव्याध असल्यास उरलेले प्रश्न वगळा

“मुर्धा गावात एकही केस नाही? एक्सलंट!” साहेब व्हिडिओ कॉलवर इतके खूश, जणू आजार त्यांनीच हाकलला होता.

मी नर्स. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून या डॉक्टरसाहेबांच्या सर्व्हेत फॉर्म भरायला लागले. आयबीडी हा आजार कुठल्या भागात किती आहे, ते शोधायचं होतं. यात आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात आणि दुखणं वर्षानुवर्षं सुटत नाही. भाईंदर पश्चिमेच्या सोसायट्यांत पेशंट सापडत होते. त्यांना लागूनच असलेल्या, रोज मासळी खाणाऱ्या मुर्ध्यात शून्य. साहेबांनी लगेच स्लाइड करून टाकली, ‘मासळीच्या आहाराचं संरक्षण’. मला मात्र ते शून्य पचेना.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या घरांपैकी जयाच्या घरी गेले. तिशीची बाई, मासळी विकायची, पण वर्षभर घरीच. चेहरा पांढराफटक.

“शौचावाटे रक्त जातं?”

“हाय ना. मूळव्याध हाय मना.”

फॉर्मवर पुढची ओळ होती, ‘मूळव्याध असल्यास उरलेले प्रश्न वगळा.’ मी पान उलटलं आणि थांबले.

“तपासलं कुणी?”

“त्यात तपासायचं काय? सासूला पन व्हती. तिचाच झाडपाला घेते.”

मूळव्याध म्हणजे शौचाच्या जागी शिरा सुजणं. पण गावात रक्त दिसलं की त्याला हे एकच नाव, आणि निदान करणार सासू. आमचा इतका शिकलेला फॉर्म सासूवर विश्वास ठेवून पुढच्या घरी जायचा. आठवडाभर मीही तशीच गेले होते. लाज वाटली.

“दिवसात किती वेळा जावं लागतं?”

“मोजतंय कोन! बाजारात टोपली टाकून सारखं कुठं पलू? म्हनून धंदाच सोरला.”

मी उरलेले सगळे प्रश्न विचारले आणि साहेबांना फोन केला.

“मॅडम, हे प्रोटोकॉलच्या बाहेर आहे. स्किप म्हणजे स्किप!”

“सर, तिला संडास स्किप करता येत नाहीये.”

तिकडून माउसची टकटक ऐकू आली. स्लाइडचा जीव जात असावा. मग म्हणाले, “पाठवा तिला उद्या तपासायला.”

कोलोनोस्कोपी केली, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतडं आतून पाहिलं. जखमाच जखमा. अल्सरेटिव्ह कोलायटिस, आयबीडीचाच प्रकार. औषधं सुरू झाली. फॉर्ममधली ती ओळ गेली. मुर्ध्यातली घरं पुन्हा केली, तेव्हा जयामागून आणखी नावं निघाली. साहेबांनी स्लाइडही सुधारली, ‘मुर्ध्यात वाढता आयबीडी’. आजार होता तेवढाच होता, वाढलं होतं ते आमचं विचारणं.

काही महिन्यांनी जया बाजारात दिसली. टोपलीमागे ऐटीत बसलेली. माझ्या पिशवीत बोंबील कोंबत म्हणाली, “न्हाय म्हनू नको, मावशी.”

घेतले. सर्व्हेतल्या ‘न्हाय’वर विश्वास ठेवण्याआधी फॉर्ममधलं आपलंच ‘वगळा’ वाचावं, एवढंच शिकले.