पाठीशी असलेल्या मॅडम

"आम्ही तुमच्या पाठीशी आहोत," असं म्हणून मॅडम जीपमध्ये बसल्या. जीप जव्हारच्या रस्त्याला लागली. आमच्या पाठीशी चिखल राहिला.

मी दाभोशाजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडीत मदतनीस आहे. मदतनीस म्हणजे चूल, झाडू आणि मुलांची नाकं. बोलायचं काम सेविकाबाईंचं. त्या बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

पाड्यावर बुवांची समिती आहे. अंडं शिजलं की देव बाटतो, हा त्यांचा नवा नियम. आमचा जुना देव कोंबड्याला कधी नाही म्हणाला नव्हता, पण देवाला विचारतो कोण? इकडे सखूची मुलगी लाल पट्टीत. लाल पट्टी म्हणजे वजन फारच कमी. सखू आणि आणखी चार आया मागच्या दाराने यायच्या, मुलांना अंडं भरवायच्या. टरफलं मी चुलीत घालायची. महिनाभर कोणाला पत्ता लागला नाही.

मग अंडी पुरवणाऱ्या संस्थेच्या या मॅडम आल्या. त्यांना कौतुक वाटलं. आमचा फोटो काढून त्यांनी मोबाईलवर टाकला. खाली लिहिलं, 'धर्माच्या जुलमाविरुद्ध उठलेल्या रणरागिणी'. संध्याकाळी तो बुवांच्या मोबाईलवर.

"बाहेरच्यांनी फितवलंय तुला," बुवा सखूला म्हणाले. "आता आवणीलाही त्यांनाच बोलव."

आवणी म्हणजे भाताची लावणी. ती एकमेकांच्या हातांशिवाय होत नाही. सखूच्या शेतात कोणी उतरेना. रोपं पिवळी पडायला लागली.

मी फोन लावला. "मॅडम, आवणीला माणसं पाठवता?"

"ताई, तुमच्या धाडसाला सलाम!"

"सलाम नको, चार माणसं..."

"आवाज तुटतोय तुमचा."

सखू म्हणाली, "पारूबाय, पाठीशी कशाला? चिखलात ये म्हणावं तिला."

शेवटी त्या पाच आया आणि मी उतरलो. चार दिवस कंबर मोडली, पण आवणी झाली.

नंतर जव्हारला मॅडमच्या संस्थेची मीटिंग झाली, सेविकाबाईंच्या जागी मी गेले. लांबच्या एका देशात बायका धर्माच्या राजवटीविरुद्ध उठल्या आहेत, त्यांना परदेशी सरकारांनी मदत करावी का, यावर चहासोबत चर्चा. मॅडम म्हणाल्या, "करायलाच हवी, आणि उघडपणे!"

मला कोणी विचारलं नाही. माझं शिक्षण चौथी. मी खाली बघून एवढंच बोलले, "दोन आठवडे अंड्यांचा ट्रे आला नाही."

सगळे बिस्किटाकडे बघायला लागले. सोमवारी ट्रे आला, फोटोशिवाय. आता सखूची मुलगी पिवळ्या पट्टीत आहे, म्हणजे वजन चढतंय.

माझं मत विचाराल तर, मदत जरूर करावी. आधी त्या बायकांना विचारावं, काय हवं आणि फोटो चालेल का. आणि आवणी होईपर्यंत जीप सुरू करू नये.