भावोजींनी दिलेली गाडी

ती गाडी मला भावोजींनी दिली. 'विकली' म्हटलेलं त्यांना आवडत नसे, पैसे मात्र त्यांनी पूर्ण घेतले होते. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, वडप्याचा जमीनवाला. भातशेतीवर भाड्याची गोडाऊनं उभी राहिल्यापासून या माणसाने कुठल्याही कामाला हात लावलेला नाही, आणि तेव्हापासून त्याला सगळ्याच कामातलं कळायला लागलं आहे. दारात नवी उंच गाडी आली, तेव्हा जुनी पांढरी पेट्रोलची गाडी माझ्या गळ्यात मारताना ते म्हणाले, "घरची गाडी घरात राहील. भायेरचा कोनी तुला फसवील."

मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम बघते. दिवसभर ट्रकवाल्यांशी वाद घालायचा आणि संध्याकाळी रिक्षात चौथी म्हणून दाटीवाटीने बसायचं, याचा कंटाळा आला होता. म्हणून घेतली.

पावसाळा-थंडी नीट गेली. मार्चमध्ये एका दुपारी घरी येताना गाडी चालता चालता बंद पडली. धक्का नाही, आचका नाही. पंखा बंद करावा तसं इंजिन गेलं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि मी कशीबशी कडेला आले. मागच्यांनी हॉर्न वाजवून घेतले. एक बाइकवाला मुद्दाम थांबला, काचेतून डोकावून म्हणाला, "मॅडम, पेट्रोल है ना?" अर्धी टाकी भरलेली होती. त्याला काटा दाखवला, तरी तो बराच वेळ काट्याकडे संशयाने बघत राहिला. तो गेल्यावर थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर गाडी चालू, जणू काही झालंच नाही.

मी भावोजींना फोन केला.

"क्लच कसा सोडतेस तू?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"भावोजी, गाडी चौथ्या गिअरमध्ये होती. क्लचला पाय लावलाच नव्हता."

"तेच सांगतोय. बायांना समजत न्हाय. माझ्याकडं इतकी वर्सं व्हती, कधी काय झाला न्हाय."

मग गॅरेजं सुरू झाली. पहिला गॅरेजवाला आमच्याच गल्लीतला. त्याच्या भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. खडखडाटात स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येत नाही, आणि हा बॉनेटवर कान ठेवून म्हणतो, "आवाज से पता चल जाता है, मॅडम. प्लग गया है." प्लग बदलले. आठवड्याने गाडी पुन्हा बंद. दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला आणि जुना पंप माझ्यापुढे असा धरला, जसा काही डॉक्टरने पोटातून खडा काढून दाखवावा. गाडी त्याच संध्याकाळी बंद. मग मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे शर्ट खोचलेल्या एका गृहस्थाने कंप्यूटर लावला आणि सांगितलं, "मॅम, एरर काही येत नाहीये."

"पण गाडी बंद पडते."

"आत्ता चालू आहे ना?"

आजारी माणसाला 'आत्ता तर जिवंत आहात' असं सांगून घरी पाठवण्यातला हा प्रकार. बंद कधी पडते, कुठे पडते, त्याआधी किती वेळ चालली होती, हे या तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला माहीत नाही असं दिसेल, ही त्यांना भीती. वस्तू बदलत राहणं सोपं, ते गिऱ्हाइकाच्या खर्चाने होतं.

मे महिन्यात ताई माझ्याकडे राहायला आली. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मी तिला ठाण्याच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले. भर दुपार, अंजूरफाट्यापासून रांग लागलेली. पूर्ण्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला, मी वेग घेतला आणि गाडी गेली. या वेळी मागे भरलेला ट्रेलर होता. आरशात फक्त त्याचं तोंड दिसत होतं. ब्रेक कडक झालेला, कडेला जायला जागा नाही. ट्रेलरवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि आमच्या डिकीपासून हातभर अंतरावर तो थांबला. खाली उतरून तो जे काही बोलला, ते मी ऐकून घेतलं. त्याचं बरोबरच होतं. त्यानेच आणखी दोघांना बोलावून गाडी एका गोडाऊनच्या फाटकापाशी ढकलून दिली.

मी किल्ली पुन्हा पुन्हा फिरवत होते. ताई मात्र शांत होती. पदराने वारा घेत म्हणाली, "जरा थांब. थंड झाली की होते सुरू."

मी तिच्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

ती बाहेर बघायला लागली.

"ताई, तुमच्याकडेही बंद पडायची?"

"उन्हाळ्यात पडायची," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं होतं यांना, तिला सांगा. हे म्हणाले, सांगून मग घेईल कोण?"

थंड झाल्यावर गाडी खरंच सुरू झाली आणि डॉक्टरकडे आम्ही पोचलो.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि गाडी गल्लीतल्या त्या कानाने ऐकणाऱ्याकडेच नेली. त्याला म्हटलं, आज काही बदलायचं नाही. उन्हात एसी लावून इंजिन चालू ठेवायचं आणि गरम होऊन बंद पडली की त्याच वेळी बघायचं. तो हसला. "ऐसे थोड़ी होता है, मॅडम." मी खुर्ची मागून घेतली आणि बसले. बराच वेळ गेला, त्याचा चहा झाला, तंबाखू मळून झाली. मग इंजिन गेलं. आता मात्र त्याला तपासावंच लागलं, कारण मी समोर उभी होते. प्लगला ठिणगीच येत नव्हती. इंजिन फिरतंय हे सांगणारा अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. तो तापला की मुका होतो आणि इंजिनचं सगळंच थांबतं. त्याने त्यावर गार पाणी ओतलं, किल्ली फिरवली, गाडी चालू. सेन्सर काढला तर त्याच्या वायरला जुनी काळी टेप गुंडाळलेली. गाडी माझ्याकडे येण्याआधीच कोणीतरी तिथपर्यंत पोचलं होतं. "मेरे को पहले से शक था," गॅरेजवाला म्हणाला. मी तो जुना सेन्सर वायरीसकट मागून घेतला.

नवा सेन्सर बसवला आणि रविवारी ताईला सोडायला वडप्याला गेले. भावोजी ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. मी टेपची वायर त्यांच्यापुढे ठेवली आणि पूर्ण्याला काय झालं ते सांगितलं. ट्रेलर किती जवळ होता, आणि गाडीत ताई होती, हेही.

"बंद पडायची," ते म्हणाले. "पन सुरू बी व्हायची ना? आता चांगली हाय ना? मग झाला तर."

बायकोकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कपाळाला आठी नाही, आवाजात संकोच नाही. भांडायचं ठरवून मी गेले होते, पण त्या माणसाशी भांडण्याइतकीही मला त्याची किंमत वाटेना. ताईची पिशवी आत ठेवली आणि निघाले.

ताई फाटकापर्यंत लंगडत आली. "पुढल्या महिन्यात परत बोलावलंय डॉक्टरने," ती म्हणाली. "यांची गाडी आहे दारात, पण तूच येशील का?"

"येते," मी म्हटलं.