उजव्या बाजूचा आरसा

आमचे हे गाडी चालवायचे. स्वतःची नव्हे हो, मालकांची. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत सोलापुरात सूत कारखान्याच्या मालकांकडं ड्रायव्हर असणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. आमच्या चाळीत इस्त्रीचे पांढरे कपडे घालून कामावर जाणारा दुसरा पुरुष नव्हता. ह्यांना त्याचा तोरा होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू?

त्यात धाकट्या मालकांनी मुंबईहून ती लाल गाडी आणली. परदेशातली, दोन दारांची, बुटकी. आत शिरायचं म्हणजे जवळजवळ लोळण घ्यायची. शर्यतीची गाडी म्हणे. होटगी रस्त्याला सोडली की मागं नुसता फुफाटा. मी तिला 'ती बया' म्हणायची. हे तिला रोज मऊ फडक्यानं पुसायचे, चाकांच्या जाळीत बोट घालून माती काढायचे. मला कधी म्हणून 'दमलीस का' असं विचारलं नाही!

त्या बयेचा उजवा आरसा फुटला आणि आमच्या घरातलं हसणं गेलं.

फुटला तो कारखान्याच्या फाटकात, भर दुपारी. ज्या फाटकातून हे इतकी वर्षं ट्रकसुद्धा सहज काढायचे, त्याच्याच खांबाला आरसा घासला. वॉचमननं सायकल आडवी घातली, असं मला सांगितलं. मालक मंडळींना मात्र काहीच सांगितलं नाही. थोरले आणि धाकटे दोघंही मोठी गाडी घेऊन मुंबईला गेले होते. दोन दिवसांनी धाकट्या मालकीणबाईंना तान्ह्या बाळासकट नातेपुत्याला माहेरी पोचवायचं होतं, ह्या लाल गाडीतनं. त्याच्या आत काच बसवायची, असं ह्यांनी डोक्यात घेतलं.

"अहो, सांगून टाका की. काच फुटली म्हणून कुणी फासावर देतंय व्हय?"

"तुला काय कळतंय? गप बस."

गप बसणाऱ्यातली मी नव्हे, पण त्यांचा चेहरा बघून बसले. तसे ते दिवाळीपासूनच बिघडले होते. चहा बशीत ओतायला जायचे आणि निम्मा सतरंजीवर. मी खेकसायची, "लक्ष कुटं हाय तुमचं? त्या बयेकडंच ना?" हे खाली मान घालून सतरंजी पुसायला लागायचे. पूर्वी माझ्या एका शब्दाला दोन परत करणारा माणूस!

असल्या गाडीचं सामान सोलापुरात कुठलं मिळायला? सात रस्ता चौकाजवळ देवाच्या तसबिरी मढवणारा एक म्हातारा होता. ह्यांनी फुटक्या काचेवरून पुठ्ठा कापला आणि त्या मापाची आरशाची काच त्याच्याकडून आणली. गाडी चाळीपुढं लावली. मी किटलीभर कढत पाणी आरशाच्या कडेच्या रबरावर ओतलं, रबर नरमलं, हलक्या हातानं जुनी काच निघाली, नवी बसली. मला वाटलं, सुटलो.

हे आत बसले, मान वळवून बघितलं आणि भडकलेच. "यात काय बी दिसंना. ही काच साधी हाय, सपाट."

मी जुन्या काचेचा मोठा तुकडा तळहातावर घेऊन बघितला, तर खरंच, ती मधे जरा फुगीर होती. तांब्याच्या पोटावर आपलं तोंड दिसतं ना, बारीकसं, पण मागं अख्खं स्वयंपाकघर मावलेलं, तसं. ह्यांनीच मग मला समजावलं. फुगीर काचेत मागचा सगळा रस्ता येतो, फक्त येणारी गाडी आहे त्याहून लांब वाटते, ते ड्रायव्हरनं ओळखून असायचं. सपाट काचेत दिसतं मोठं, पण थोडंच, आणि बगलेतनं कोण घुसलं ते कळत नाही. सांगताना त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला होता. बरं वाटलं मला, लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे जुन्या बाजारातनं ट्रकचा फुगीर आरसा घेऊन आले. म्हातारा कापायला तयारच होईना, तडकेल म्हणाला. पण कापला, ओल्या दगडावर कडा घासून दिल्या. पुन्हा कढत पाणी, पुन्हा रबर. काच बसली, अगदी पहिल्यासारखी.

"धुरकट हाय," हे म्हणाले.

मी राखेनं घासली, वर्तमानपत्रानं पुसली.

"अजून धुरकटच. पारा उडालाय हिचा."

मी वाकून बघितलं. त्या आरशात नळावरच्या बाईच्या पदराचे काठसुद्धा मोजता आले असते. "अहो, लख्ख दिसतंय की!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चटकन म्हणाले, "व्हय व्हय. आता दिसतंय. तू मागं उभी ऱ्हा, आरसा लावून घेतो."

आरसा लावायची त्यांची रीत ठरलेली. इंजिन चालू करायचं, म्हणजे थरथरीत आरसा हलतो का ते कळतं. एकानं मागं उजव्या अंगाला उभं राहायचं, आणि आत बसलेल्यानं तो माणूस काचेच्या मधोमध येईस्तोवर आरसा वळवायचा. मी जाऊन उभी राहिले. माझ्यामागं दोरीवर माझं हिरवं इरकली लुगडं वाळत होतं. अंगावरही हिरवंच होतं.

इंजिन सुरू झालं. बयेचा आवाज असला दांडगा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. तेवढ्यात घरात दूध उतू गेल्याचा वास आला. मी आत पळाले, पातेलं खाली उतरवलं आणि परत येताना जवळच्या बाजूनं, म्हणजे गाडीच्या डाव्या दाराशी आले. काच खाली होती. सांगणार होते, दूध गेलं म्हणून.

हे आरशात बघत होते. हात बाहेर काढून खूण करत ओरडत होते. "जरा हिकडं सरक. हिकडं गं. हां... बास. आता बरोबर दिसतीस."

वाऱ्यानं लुगडं हललं होतं.

"हसतीस काय? दिसतीस म्हणलं की!"

मी दार उघडून आत वाकले, किल्ली फिरवली आणि काढून घेतली. गाडी बंद पडली.

"मी हितं हाय," मी म्हणाले.

ते माझ्याकडं वळले. मग परत आरशाकडं. "मग तितं कोण हाय?"

"लुगडं वाळतंय."

त्यांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. मला आधी राग आला, सांगते. असला राग, की हातातली किल्ली फेकून मारावी. उद्या ती बाई मांडीवर तान्हं घेऊन ह्या माणसाच्या शेजारी बसणार होती!

"कवापासनं?"

"उजवा डोळा दिवाळीच्या आधीच गेला. आता डावाबी..."

"आणि मला न्हाई सांगितलं? मी चहावरनं शिव्या घालते आणि तुमी ऐकून घेता?"

"सांगून काय झालं असतं? गाडी सोडली तर मी कोण गं? काय येतंय मला दुसरं?"

मी एवढंच म्हणाले, "उद्या तुमी जायचं न्हाई." किल्ली मुठीत घट्ट धरली. वाटलं, आता हिसकावतील, चाळीपुढं तमाशा होईल.

ते उतरले. फडकं घेऊन आरसा पुसला, बोटानं कडा चाचपल्या, रबर कुठं उचललं नाही ना ते बघितलं. "काच चांगली बसली," म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी नीट दिसंल." मग टोपी घातली. "चल, मालकीणबाईंना किल्ली देऊन येऊ. मीच सांगतो."

ते पुढं, मी मागं. लग्न झाल्यापासून मी तशीच चालत आले होते, आमच्यात सगळ्याच बायका तशा चालायच्या. बोळाच्या तोंडाशी उजवीकडनं एक सायकल त्यांना घासून गेली. ते दचकून थांबले, मला शोधत मागं वळले.

"पुढं ये," म्हणाले. "माज्या उजव्या अंगाला चल."

मी पुढं आले आणि त्यांचा उजवा हात धरला, भर रस्त्यात, सगळी चाळ बघत असताना.