कट्ट होईपर्यंत

पेठला आमच्या घरी पाहुणा 'पुरे' म्हणाला की त्याच्या ताटात आणखी एक पोळी पडते. नट आवळताना आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नियम तोच. पिकअपचं चाक लावताना ते पान्याच्या दांडीत लांब पाईप घालत, त्यावर पाय देऊन उभे राहत आणि दोन-तीनदा उसळी घेत. पुढं चाक काढायची वेळ आली की नट हलायचाच नाही. फार जबरदस्ती केली तर बोल्ट तुटून हातात यायचा.

"आताशा मालच डुप्लिकेट येतो," आण्णा म्हणायचे.

मी चाकणला एका कारखान्यात नट-बोल्ट किती आवळलेत ते दिवसभर तपासते. घरचे याला नोकरी म्हणतात, पण जरा थांबून. परवाच्या दिवाळीत मी आण्णांसाठी टॉर्क रेंच आणला. आकडा लावायचा, दांडी ओढायची, नट हवा तेवढा आवळला की पाना 'कट्ट' करतो. तिथं थांबायचं. आण्णांनी ओढला, कट्ट झालं, आणि ते आणखी ओढू लागले.

"आण्णा, झालं. थांबा."

"पान्यानं सांगायचं आन् मी ऐकायचं? लई शाना हाय का त्यो?"

पण ऐकलं. पुढं तर आल्यागेल्याला चहाच्या आधी कट्ट ऐकवू लागले. त्यानंतर एकही बोल्ट तुटला नाही. मला उगीचच अभिमान वाटायचा.

या उन्हाळ्यात भावाचा पुण्याहून फोन आला. आण्णांचं वय झालं, आता त्यांच्या हातात गाडी देऊ नका, म्हणाला. मी म्हटलं, "स्वतः चाक बदलतात की अजून! कसलं वय?" आण्णा शेजारीच बसले होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पंक्चर काढून आणलेलं चाक लावायला बसले आणि मला नुसतं बघायला बोलावलं.

पाचही नट त्यांनी समोरासमोरच्या क्रमानं फिरवले, मी शिकवलं होतं तसे. मग पाना लावून ओढला. आवाज आला नाही. दोन्ही हातांनी ओढला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण पाना गप्प.

"बिघडलाय ह्यो. बघ बरं."

बिघडला नव्हता. आण्णांचा जोर आवरायला मी तो पाना आणला होता, आणि जोर कधी ओसरला ते घरात कुणालाच कळलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाठ करून आकडा बराच खाली आणला. म्हटलं, "हो, जरा अडकला होता."

पाच वेळा कट्ट झालं. आण्णा खुशीत नळावर हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी आण्णा मंचरच्या बाजारात कांदे नेणार होते; तेवढ्या आवळण्यावर चाक वाटेतच सुटलं असतं. मी आकडा जागेवर आणला आणि पाचही नट पुन्हा आवळायला घेतले. पान्याला हळू बोलता येत नाही. पण नळ धो धो वाहत होता, म्हणून मी निर्धास्त होते.

चौथ्या नटाला सहज मान वळवली. आण्णांचे हात केव्हाच धुऊन झाले होते. ते वाहत्या नळापाशी माझ्याकडे पाठ करून नुसते उभे होते. मी पाचवा नट आवळला. कट्ट झालं, आणि त्यांनी नळ बंद केला.

टॉवेलला हात पुसत ते आले. खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्यापुढं धरली.

"उद्या कांदं तूच ने. मला कटाळा आलाय."

आण्णांना गाडी चालवायचा कंटाळा आल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मी किल्ली घेतली.