सुटला म्हणणारे दाजी

आमच्या वाडीत कोणी गेलं की रडण्याआधी दाजी पोचतात. गेलेला तरुण असो की म्हातारा, यांच्या तोंडी एकच शब्द, "सुटला!" जसा काही तो माणूस घरात नव्हे, कोंडवाड्यात राहत होता. तिरडी कशी बांधायची, मडकं कोणी धरायचं, सगळं हेच सांगणार. खांदा मात्र कधी देणार नाहीत. कंबर दुखते म्हणे. तेराव्याला पाटावर बसताना ती दुखत नाही.

यमुनाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा हे पडवीत उभे राहून त्यांच्या थोरल्या सुनेला, गोदाला, विचारायचे, "लाकडं भरून ठेवलीस ना गो? पावसाळा तोंडावर आलाय." आत म्हातारी जागी, तिला सगळं ऐकू यायचं. आणि त्याच तोंडाने दाजी रामनाम घेत. नाव पवित्रच, पण गटारात फूल पडलेलं बघवतं का?

गोदा विधवा. सासूचं हगणंमुतणं तिनेच काढलं, घरामागची आंब्याची कलमंही तिनेच जगवली. सासू चारचौघांत म्हणायची, "कलमं गोदाची." धाकटा मुलगा निलेश मुंबईला. तो आला तो अग्नी द्यायलाच.

आज दहावं. पऱ्याच्या वाहत्या पाण्याकाठी निलेशने पिंड ठेवला. समोरच्या फणसावर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. दाजी पिंडाशेजारी उन्हाची छत्री उघडून उभे. म्हणाले, "म्हातारीचा जीव अडकलाय. गोदा, हात जोड आणि बोल, 'कलमं निलेशला दिली.' लगेच शिवतो बघ."

निलेश मान खाली घालून उभा. काल दिवसभर दाजी त्याच्याच गाडीतून रत्नागिरीत फिरत होते, हे सगळ्यांना ठाऊक. पण पिंडासमोर दिलेला शब्द मोडता येत नाही, हेही ठाऊक. तरी एक बाई कुजबुजली, "बोल गो एकदाची, ऊन चढलं."

गोदाने हात जोडले.

"आत्या," तिने सासूला हाक मारली, "काय द्यायचं ते तुम्ही जितेपणी दिलंत. आता दाजींना तेवढं बाजूला करते, मग या." आणि दाजींकडे वळून, "तुमच्या छत्रीला भितायत ते. व्हा मागे!"

बायका फिसकन हसल्या. दाजी तणतणत मागे सरले, तोच एक कावळा उतरला आणि भाताची शितं उचलून गेला.

दाजी लांबूनच ओरडले, "हा चालत नाही! डोमकावळा आहे!"

"असू दे," गोदा पदर खोचत म्हणाली. "आत्यांना चालला." मग निलेशला म्हणाली, "भावोजी, आंघोळ करून घ्या. घरी पानं वाढायचीत."