किसनरावांचा खडू

आमच्या मिडल स्कुलात जब्बार मास्तरांकडून इंग्रजी काढून घेतलं, त्याला आता पाच वर्षं झाली. तरी आठवलं की माझं डोकं तडकतं. साहेबांवर तडकतं, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

जब्बार मास्तर म्हणजे शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या बापाचे लेक. यंत्रांवरची नावं वाचत वाचत ते इंग्रजी अक्षरं शिकले, मग मॅट्रिक झाले, मास्तर झाले. ढाणकीच्या बाजारात ते दुकानादुकानांतून फिरत. कंदिलाचं खोकं, औषधाची बाटली, जिथं इंग्रजी छापलेलं दिसेल ते टिपून घेत आणि त्यावर पुढच्या आठवड्याचे धडे बसवत. उद्या काय नि कसं शिकवायचं हे मास्तरांनी टाचणवहीत आधी लिहून ठेवायचं असतं. त्यांच्यासारखी टाचणवही मी दुसरी पाहिली नाही. 'सोमवार. कंदिलाचं खोकं. रौशन विचारेल, बाकीचे सांगतील. गुलनार गप्प बसते. तिला पुन्हा.' ज्याला आलं त्याचं नाव खोडायचं, न आलेल्याचं पुढच्या पानावर न्यायचं.

आम्ही बाकीचे काय करत होतो? तपासणी जवळ आली की कुठूनशी इंग्रजीची एक 'आदर्श टाचणवही' यायची. तिला ना पुठ्ठा, ना नाव. पाच गावांचे मास्तर ती उतरवून काढत, तीही दोन रंगांच्या शाईनं, म्हणजे रोज लिहिल्यासारखी दिसावी. हेतू, प्रस्तावना, विषयप्रतिपादन, सगळं जागच्या जागी. सातव्या पानावर होतं, 'साहित्य: फळा, खडू किसनरावांकडून आणणे.' कोण किसनराव, कुणाला ठाऊक? आम्ही तेही उतरवलं. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात. ती आमच्याकडे नव्हती.

त्रेसष्ट साली नवे साहेब तपासणीला आले. माझ्या वहीवर, किसनरावांच्या खडूसकट, 'उत्तम' असा शेरा मारला. जब्बार मास्तरांची वही त्यांनी दोन बोटांत धरली.

"टाचणात मुलांची नावं कशाला? हेतू कुठे आहे? हे बघा, असं लिहितात." आणि माझी वही त्यांच्यापुढे आपटली.

मास्तरांनी पानं चाळली. सातव्या पानाशी त्यांचा चेहरा लाल झाला.

"सायेब, हे माहीच वही हाये. सत्तावन सालची. तवा मी दुसऱ्या गावी होतो. खडू संपला होता, तो समोरच्या किसनरावच्या दुकानातून आणाचा होता, म्हून लिहून ठेवलं."

"मग तर तुम्हाला येतंच की! पुन्हा तसंच लिहा."

"कायले लिहू? वर्षभर या वहीनं मी काटा डावीकडे अन् सुरी उजवीकडे शिकवली. एका पोट्ट्यानं मले इंग्रजीत दोन शब्द इचारले नाई. म्हून टाकून देली. टाकलेली तुमी डोक्शावर घेतली, त्याले मी काय करू?"

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला. जब्बार मास्तरांना पहिलीचा वर्ग. सहावीचं इंग्रजीही मारोतरावांकडे, कारण त्यांचं टाचण उत्तम. मारोतराव म्हणजे मी. मी उठून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, मास्तर खरं सांगतात, माझी वही नक्कल आहे. त्याऐवजी मी त्या हुकमाखाली सही केली. नोकरीची भीती होती हे खरं, पण त्यानं लाज कमी होत नाही.

सोमवारी मी सहावीत गेलो. गुलनार उठली आणि घरून आणलेला रॉकेलचा डबा तिनं टेबलावर ठेवला.

"गुर्जी, आज पह्यली पाळी माही हाये. इचारू?"

मी माझी वही उघडली. काटा, सुरी, किसनराव. पोरगी उभीच. मी वही मिटली, तडक पहिलीच्या वर्गात गेलो आणि जब्बार मास्तरांपुढे हात पसरला. वाटलं, आता ऐकवतील, आणि मी ऐकून घेणार होतो.

"तिले घाई करू नका, मारोतराव," एवढंच बोलून त्यांनी पिशवीतली आपली वही दिली.

गुलनारनं तीन प्रश्न विचारले. अडखळत, पण स्वतःचे. दुपारी मी ते सांगितलं, तेव्हा मास्तरांनी वही ओढून घेतली आणि तिच्या नावावर रेघ मारली.

तेव्हापासून दर रविवारी ते आठवड्याचं टाचण लिहून मला देतात. पोरं इंग्रजीत विचारतात, शाबासकी मला मिळते. त्यांच्या वहीवर आजवर एकाही साहेबाची सही नाही. दर तपासणीला साहेब माझी जुनीच वही मागतात, किसनरावांच्या खडूखाली सही करतात, आणि मी अजूनही उठून बोललेलो नाही.